घोटभर गवत!

दुपारचे चार वाजले, की ऑफिसात एक न ऐकू येणारी घंटा वाजते. मीटिंग असो नाहीतर डेडलाइन, पावलं आपोआप पॅन्ट्रीकडे वळतात. मशिनचं बटण दाबलं, की कागदी कपात फेसाळ, गोडमिट्ट, तपकिरी रंगाचं काहीतरी पडतं. त्याला चहा म्हणायचं आणि पिऊन टाकायचं.

आता जरा बोटं मोजा. घरून निघताना एक. डेस्कवर बसल्यावर एक. अकराला टीमबरोबर एक. जेवणानंतर डोळे मिटायला लागले म्हणून एक. चारला एक. आणि सहाला क्लायंटचा मेल आला, की 'चल यार, कटिंग मारू' म्हणत टपरीवरचा आणखी एक. झाले सहा! यातला मनापासून, चव घेत प्यायलेला कप कोणता? बहुतेकांचं उत्तर 'सकाळचा' असंच येईल. बाकीचे पाच निव्वळ सवयीचे.

चहा सोडा असं सांगायचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. मराठी माणसाला चहा सोड म्हणणं म्हणजे लोकलच्या विंडो सीटवरून ऊठ म्हणण्यासारखंच आहे. पण त्या पाचातले दुपारनंतरचे दोन कप बदलून बघायला काय हरकत आहे? आणि त्यासाठी कुठल्या परदेशी नावाचा महागडा डबा आणायची गरज नाही. तुमच्या भाजीवालीच्या टोपलीत, कोथिंबीर आणि आल्याच्या शेजारी, लांब हिरव्या पात्यांची एक जुडी पडलेली असते. तिचं नाव गवती चहा.

नावात चहा, गावात गवत

गवती चहाचा आणि चहाचा काही संबंध नाही. आपली चहा पावडर येते ती कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाच्या पानांपासून. गवती चहा हे चक्क गवत आहे. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन सिट्रॅटस. ऊस, ज्वारी, मका आणि उन्हाळ्यात माठात टाकतो तो वाळा, ही सगळी याची भावकी. संस्कृतात याला भूस्तृण म्हणतात, गुजराती शेजारी 'लीली चा' म्हणतात आणि थाई रेस्तराँच्या मेनूकार्डावर हाच 'लेमनग्रास' होऊन येतो. टॉम यम सूपमधला तो लिंबासारखा वास, ज्यासाठी आपण दोन-तीनशे रुपये हसत हसत मोजतो, तो आजीच्या मोरीशेजारी वाढणाऱ्या गवताचाच. फरक एवढाच, की थाई लोक बुडाचा पांढरा दांडा वापरतात आणि आपण पात.

हा वास येतो सिट्राल नावाच्या द्रव्यामुळे. गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्राल असतं. गंमत म्हणजे लिंबाच्या सालीच्या तेलात ते जेमतेम दोन-पाच टक्के असतं. म्हणजे लिंबासारखा वास देण्यात हे गवत खुद्द लिंबाच्या पुढे आहे! साबण आणि अत्तरांच्या कारखान्यांना म्हणूनच हे तेल हवं असतं. केरळात याच्या भाऊबंदाची, सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओससची लागवड झाली आणि कोची बंदरातून ते तेल जगभर गेलं. याच घराण्यातलं आणखी एक गवत आपल्या खानदेशात आहे. तिखाडी किंवा रोशा. त्याच्या तेलाला गुलाबाच्या जवळ जाणारा वास असतो. थोडक्यात, ज्याला आपण 'साधं गवत' म्हणतो, ते चांगल्या खानदानातलं आहे.

खरा फायदा कपात नसलेल्या गोष्टींचा

आता मुद्द्यावर येऊ. गवती चहाचे फायदे काय? खरं सांगायचं तर त्याचा सगळ्यात मोठा फायदा त्यात काय आहे यापेक्षा त्यात काय नाही, हा आहे.

पहिली गोष्ट कॅफिन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत १५० मिली चहामध्ये ३० ते ६५ मिलिग्रॅम आणि फिल्टर कॉफीसारख्या ताज्या केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं असं म्हटलंय. दिवसाची मर्यादा आहे ३०० मिलिग्रॅम. तुम्ही म्हणाल, सहा कप झाले तरी बसतंय की! कप फार कडक नसतील तर बसतंही, पण घड्याळाचं काय? कॅफिन रक्तात निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. कुणाला कमी, कुणाला जास्त. म्हणजे सहा वाजता घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात जागं असतं. मग आपण बिछान्यात पडून मोबाइल चाळत बसतो, सकाळी डोकं जड होतं आणि ते हलकं करायला पुन्हा चहा. हे चक्र तोडायचं असेल, तर संध्याकाळच्या कपात कॅफिन नसलेलं बरं. नुसत्या गवती चहात ते अजिबात नसतं.

दुसरी गोष्ट साखर. कपात दोन चमचे धरले, तर चार कपांत आठ चमचे, म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे बिस्किट, केचप, ऑफिसातल्या बर्थडे केकचा तुकडा हे सगळं बाजूला ठेवा, नुसता चहाच आपला कोटा संपवून वर उधारी करतो. दुधाच्या कडक चहाला साखरेशिवाय मजा नाही, हे मान्य. पण गवती चहा मुळातच कडू नाही, त्याला गोडाची गरज लागत नाही. पहिले चार दिवस फिकं वाटेल. पाचव्या दिवशी जीभ सरावते.

तिसरी गोष्ट विशेषतः मैत्रिणींसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. दोघींमागे एकीहून जास्त! लिफ्ट बंद असली, की दोन जिन्यांत धाप लागते, केस गळतात, दिवसभर थकल्यासारखं वाटतं, आणि आपण म्हणतो, 'स्ट्रेस आहे गं.' चहातली टॅनिन्स जेवणातलं, खास करून पालेभाज्या, कडधान्यं आणि बाजरीतलं लोह शोषू देत नाहीत. म्हणूनच पोषण संस्थेचा सल्ला आहे, की जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको. डबा संपला रे संपला, की चहाकडे धावणाऱ्या आपल्या जमातीने हे वाक्य प्रिंट काढून डेस्कवर लावावं. त्या वेळी अगदी काही गरम हवंच असेल, तर थोडं थांबून गवती चहा घ्या. लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या मात्र पाण्याबरोबरच. सोबत कुठलाही चहा नको, गवतीसुद्धा नाही.

फॉरवर्डमधला गवती चहा

इथवर वाचून कुणी विचारेल, 'बस्स? एवढंच? मला तर मावशीने पाठवलेल्या मेसेजमध्ये वाचल्याचं आठवतंय की गवती चहाने कॅन्सर बरा होतो!' तर मावशीचा मान राखून त्या मेसेजकडेही बघू.

त्याचं मूळ खरं आहे. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही कर्करोगाच्या पेशींवर सिट्राल टाकलं, तर त्या पेशी मरतात, असं त्यांना दिसलं. आणि वापरलेलं प्रमाण साधारण एका कपात असतं तेवढंच होतं. बस, एवढं वाक्य मिळालं आणि जगभर 'रोज एक कप प्या, कॅन्सर पळवा' सुरू झालं. पण काचेच्या बशीतली पेशी आणि माणूस यांत फरक आहे. बशीत सिट्राल थेट पेशीवर पडतं. माणसाच्या पोटात गेलं, की शरीर त्याची लगोलग मोडतोड करतं आणि बाहेर टाकतं. गवती चहा पिऊन कुणाचा कर्करोग बरा झाल्याचा पुरावा या प्रयोगात नव्हता आणि संशोधकांनी तसा उपचारही करून पाहिलेला नव्हता.

दुसरा लाडका दावा म्हणजे 'झोप छान लागते.' ब्राझीलमध्ये तर पिढ्यान् पिढ्या झोपेसाठी आणि धास्ती घालवायला गवती चहा पितात. तिथल्याच संशोधकांनी १९८६ मध्ये माणसांवर ही गोष्ट तपासून पाहिली. निम्म्यांना खरा चहा, निम्म्यांना खोटा, असा मामला. निकाल? झोपेत फरक नाही, चिंतेत फरक नाही. चांगली बातमी अशी, की अपायही दिसला नाही. मग रात्री हा कप घेऊन अनेकांना बरं का वाटतं? आमचा अंदाज साधा आहे. त्या वेळचा कॅफिनवाला कप टळतो, हातात काहीतरी गरम असतं आणि दहा मिनिटं फोन बाजूला राहतो. हा परिणाम गवताचा नसेल, पण तो फुकटचा आहे. घ्यायला काय जातं?

तिसरा दावा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'गवती चहाने बीपी उतरतो, गोळ्यांची कटकट संपते.' प्राण्यांवरचे काही प्रयोग आहेत, लघवीला थोडी जास्त होते हेही खरं. पण चालू असलेली गोळी बंद करावी एवढा पुरावा कुठेही नाही. रक्तदाबाचा त्रास हा, की तो वाढलेला कळत नाही. पस्तिशीतला, जिमला जाणारा, दिसायला ठणठणीत माणूस गोळी सोडतो, महिनाभर मस्त वाटतं आणि तो सगळ्यांना सांगत सुटतो, 'बघ, गवतावर चाललंय!' किंमत नंतर हृदय, मेंदू, किडनी मोजतात. गोळी घ्या आणि गवती चहाही प्या. दोघांचं भांडण नाही. पण एकाची नोकरी दुसऱ्याला देऊ नका.

हेच तापाचं. पावसाळ्यात अंग मोडून आलं, की गवती चहा, आलं, तुळस, दोन मिऱ्यांचा काढा घेऊन पांघरूण ओढून पडावं, घाम यावा, हलकं वाटावं, यासारखं सुख नाही. पण मुंबई-पुण्यातला पावसाळा म्हणजे डेंगी आणि मलेरियाचाही सीझन. ताप दोन दिवसांत हटला नाही, तर काढ्याचा तिसरा दिवस साजरा न करता रक्त तपासून घ्या.

असा करा!

आता खरं कौशल्याचं काम. बहुतेक घरांत गवती चहा चुकीच्या वेळी आणि उघड्या भांड्यात उकळला जातो. सगळं किचन घमघमतं, आपण 'वा!' म्हणतो, आणि कपात मात्र कोमट हिरवट पाणी. कारण उघड आहे. जो वास कपात यायला हवा होता, तो वाफेबरोबर शेजाऱ्यांकडे गेला! या गवताचं तेल कारखान्यात काढतात तेसुद्धा वाफेवरच. म्हणजे वाफ सुटली, की तेल सुटलं. म्हणून नियम एकच आहे: झाकण.

नुसता गवती चहा (दोन कप)

पाच-सहा लांब पाती धुऊन घ्या. कडा धारदार असतात, बोट कापतं, म्हणून हाताने ओढू नका. कात्रीने इंच-दोन इंचाचे तुकडे करा. बुडाचा पांढरा भाग असेल, तर खलबत्त्यात एकदा ठेचा. ठेचला, की वास सुटतो. अडीच कप पाणी उकळा. त्यात अर्धा इंच आलं ठेचून आणि पात घाला, गॅस बारीक करा, झाकण ठेवून दोन मिनिटं. मग गॅस बंद करून झाकण न काढता पाच मिनिटं तसंच राहू द्या. या पाच मिनिटांत मेल चेक करू नका, नाहीतर ती पंधरा होतात. झाकण उचलताना त्यावरचे थेंब भांड्यातच पडू द्या. गाळा, हवे तर चार थेंब लिंबू. गोड लागतंच म्हणणाऱ्यांनी चिमूटभर गूळ घालावा. रंग फिकट पिवळसर-हिरवा आला, की जमलं. गडद आणि गवतकट लागला, तर जास्त उकळलाय.

दुधाचा गवती चहा

हा आपला नेहमीचा, पाहुण्यांसमोर मिरवायचा. दीड कप पाण्यात तीन-चार पाती आणि आलं आधी चांगलं उकळू द्या. आलं कच्चं असताना दूध घातलं, तर ते फाटू शकतं, कारण आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. उकळीत ते निकामी होतं. मग साखर आणि नेहमीपेक्षा निम्मी चहा पावडर. अर्धा कप दूध वेगळं गरम करून घाला, एक उकळी, गॅस बंद, झाकण, दोन मिनिटं. पात असली, की पावडर कमी चालते, हा याचा छुपा फायदा. पण लक्षात ठेवा, यात कॅफिन आहे. म्हणून हा सकाळी, आणि संध्याकाळी नुसता.

ऑफिसवाल्यांसाठी

सकाळी केलेला नुसता गवती चहा छोट्या थर्मासमध्ये भरून न्या. दुपारपर्यंत चांगला लागतो. एप्रिल-मेमध्ये तोच गार करून, बर्फ आणि लिंबाची चकती टाकून प्या. कॅफेमधल्या लेमनग्रास आइस टीमध्ये बहुतेकदा सिरप असतं, तुमच्यात नसेल.

टी-बॅगवर जाणाऱ्यांना एक टिप. बॉक्सवर 'लेमनग्रास' मोठ्या अक्षरांत दिसलं, तरी मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात ग्रीन टी असेल, तर कॅफिन आलंच. आणि ताज्या पातीची सर वाळलेल्या चुऱ्याला येत नाही.

जुडी मोठी निघाली, तर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर टिकते. उरलेली कापून फ्रीझरमध्ये टाका. वाळवायची असेल, तर सावलीत. उन्हात वास उडून जातो.

थोडं जपून

'नॅचरल आहे, मग किती का प्या' हा आपल्याकडचा आवडता गैरसमज. २०२० च्या करोनाकाळात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुकांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यायला सांगितला होता. काही घरांत तो दिवसभर गॅसवरच असायचा, आणि मग छातीत जळजळ! गवती चहा त्या मानाने सौम्य. तरीही नायजेरियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी माणसांनी महिनाभर रोज हा चहा घेतला, तेव्हा मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांच्या किडनीच्या कामाचे आकडे थोडे खाली आलेले दिसले. घाबरून जायचं कारण नाही, पण दिवसाला दोन कप पुरे. किडनीचा त्रास असेल किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारून. आणि अरोमाथेरपीसाठी मिळणारं लेमनग्रास ऑइल चहात टाकायचा 'शॉर्टकट' अजिबात नको. ती बाटली हुंगायची आहे, प्यायची नाही.

नर्सरीतून रोप आणताना एक खातरी करा. सिट्रोनेला नावाचं, डास पळवणारं गवत हुबेहूब असंच दिसतं. पात चुरगाळून वास घ्या. स्वच्छ लिंबासारखा आला, तर गवती चहा. डासांच्या क्रीमची आठवण झाली, तर तो राहू द्या.

वीकएन्डचं काम

रोप तरी कशाला? हे गवत क्वचितच फुलतं, बी तर विसराच. ते वाढतं ठोंबापासून. गावाकडे, सोसायटीत, ओळखीत कुणाकडे तरी त्याचं बेट असतंच. मुळांसकट तीन-चार काड्यांचा ठोंब मागून आणा. देणाराही खूश होतो, कारण बेट विरळ केलेलं त्याला हवंच असतं. बारा इंची कुंडी, खाली पाणी जायला भोक, आणि घरातली सगळ्यात उन्हाची खिडकी. पाणी रोज, पण चिखल नको. दोन-अडीच महिन्यांत कापणीला येतं. कापताना बुडापासून वीतभर ठेवून कापा, पुन्हा फुटतं. दोन-तीन वर्षांनी कुंडी गच्च झाली, की ठोंब फोडून अर्धा दुसऱ्याला द्या.

वन-बीएचकेच्या खिडकीत मावणारी, ईएमआय नसलेली आणि दर पंधरा दिवसांनी हातात काहीतरी ठेवणारी ही बहुधा एकमेव गुंतवणूक. येत्या रविवारी ठोंब मागायला जाल, तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. पाव किलो आलं न्या. कुणी सांगावं, तिथेच एक कप मिळून जाईल. झाकण ठेवायची आठवण तेवढी करा!